हळद : डब्यातली, ट्यूबमधली आणि कोर्टातली

मागच्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात मी कॉलेजात आले तेव्हा माझ्या दोन्ही हातांची नखे पिवळी होती. आठ दिवस मी आईबरोबर हळदीच्या वेचणीला गेले होते, आणि हळदीचा रंग साबणाने जात नाही, तो दिवसांनीच जातो. वर्गातल्या एका मैत्रिणीने माझे हात पाहून विचारले, "काय गं, हळद लागली वाटतं?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि हात ओढणीखाली घेतले. हळद लागणे म्हणजे लग्न ठरून नवरी होणे, हा अर्थ मराठीत सर्वांना ठाऊक आहे. रोजगाराला जाऊन हात पिवळे होणे, हाही त्याचा एक अर्थ आहे, हे त्या दिवशी मला सांगता आले नाही.

यंदा अर्थशास्त्राच्या सरांनी प्रकल्पासाठी 'परंपरेतून उभा राहिलेला एक उद्योग' हा विषय दिला. बहुतेकांनी गूळ, चादरी, कोल्हापुरी चपला असे विषय घेतले. मी 'विको' या कंपनीचे नाव लिहून दिले. सर म्हणाले, "तो मुंबई-नागपूरकडचा उद्योग. तुझ्या गावाचा त्याच्याशी काय संबंध?" मी म्हटले, "सर, हळद." त्यावर त्यांनी होकार दिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रकल्पाचा संक्षेप होय. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, तेव्हा काही चुकले-माकले असल्यास प्राध्यापकांनी व विद्यार्थिमित्रांनी सांभाळून घ्यावे.

घरातली हळद

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळद लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी, पाला वाळला की काढतात. आधी पाला कापायचा, मग कुदळीने किंवा ट्रॅक्टरने कंद उकरायचे आणि बायकांनी मागे बसून ते वेचायचे, मोडायचे. मधला मोठा कंद तो जेठा गड्डा. तो पुढच्या लागणीसाठी बियाणे म्हणून ठेवतात. बाजूची बोटे ती हळकुंडे. ओली हळद शिजवावी लागते. पूर्वी ती काहिलीत शिजवत, आता बहुतेक ठिकाणी वाफेवर शिजवतात. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून फिरत्या पिंपात पॉलिश करतात. साधारण पाच पोती ओल्या हळदीची वाळून एकच पोते होते. आई म्हणते, "चार पोती पाण्याचीच मजुरी करतोय आपण."

सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरच्या हरिपूर गावी जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत होती. तिथली माती अशी की पेवातल्या हळदीला वर्षानुवर्षे कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले आणि साठवण हळूहळू गोदामांकडे वळली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रज येथे कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्रही आहे. म्हणजे आपल्या भागात हळद हे पीक आहे, व्यापार आहे आणि संशोधनाचा विषयही आहे.

परंतु घरात तिची ओळख वेगळी असते. कापले, खरचटले की हळद दाबायची. घसा धरला की दुधातून हळद. मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला उटणे लागते. त्यात हळदीबरोबर नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन आणि मसुराचे पीठ. लग्नात नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीला लावतात. जेजुरीला खंडोबाचा भंडारा उधळतात, तीही हळदच. कपाळाचे कुंकू मुळात हळदीचेच. हळकुंडाला टाकणखार, चुना यांसारख्या क्षारांची जोड मिळाली की पिवळा रंग लाल होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हळदीतील कुर्क्युमिन हे द्रव्य क्षारात रंग बदलते. हे द्रव्य युरोपात प्रथम १८१५ साली वेगळे काढण्यात आले. कुंकू करणाऱ्यांनी त्याचा रंगबदल त्याच्या कितीतरी आधीपासून रोजच्या वापरात आणला होता.

अशा या घरगुती वापरात एक गोष्ट लक्षात येते. औषध कुठे संपते आणि सौंदर्यप्रसाधन कुठे सुरू होते, अशी रेघ त्यात नाही. नवरीला लावलेली हळद तिच्या कांतीसाठी असते, शुभ म्हणून असते आणि त्वचेला जपण्यासाठीही असते. तिन्ही कारणे एकाच वाटीत कालवलेली असतात. ही रेघ नसणे हीच पुढे एका मराठी उद्योगाची मोठी अडचण झाली.

परळचे स्वयंपाकघर

'विको' हे नाव 'विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी' या नावाच्या आद्याक्षरांतून तयार झाले. केशव विष्णू पेंढरकर हे नागपूरकडून मुंबईला आले, निरनिराळे व्यवसाय करून पाहिले आणि १९५२ साली परळ येथे त्यांनी या उद्योगाचा आरंभ केला. त्या वेळी ते तरुण नव्हते. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने घरातल्याच जागेत कारखाना मांडला. घराचे स्वयंपाकघर हे उत्पादनाचे ठिकाण, बाकीच्या खोल्यांत कचेरी आणि कोठार, अशी या उद्योगाची सुरुवात सांगितली जाते. पहिले उत्पादन दंतमंजनाचे होते. त्यात बाभूळ, जांभूळ, बकुळ, लवंग, मंजिष्ठा अशा वनस्पती होत्या. मुलांना बरोबर घेऊन दारोदार फिरून हे मंजन विकले गेले. मंजनाचे नाव 'वज्रदंती'. वज्रदंती ही वनस्पती म्हणजे आपली पिवळी कोरांटी. आमच्या कुंपणाला ती भरपूर आहे, आणि तिची ही थोरवी मला या अभ्यासातच कळली.

याच १९५२ साली टाटांच्या उद्योगसमूहातून 'लॅक्मे' ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी निघाली. तिचे नाव एका फ्रेंच संगीतिकेवरून घेतलेले आहे, आणि त्या संगीतिकेच्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी एका बाजूला भारतीय नाव फ्रेंच उच्चाराने परत येत होते आणि दुसऱ्या बाजूला परळच्या स्वयंपाकघरात कुंपणाची वनस्पती कुटली जात होती. परदेशी माल कमी करून देशी माल उभा करावा, हा हेतू दोन्हीकडे होता. मार्ग मात्र निराळे होते. त्याही आधी, १९१९ च्या सुमारास, मुंबईतच इब्राहिम पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' ही क्रीम बाजारात आणली होती. यावरून मुंबई शहर हे देशी सौंदर्यप्रसाधनांचे आद्य केंद्र होते असे म्हणण्यास हरकत नाही.

पिवळेपणाची भीती

केशवरावांचे पुत्र गजानन पेंढरकर हे औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर होते. १९७१ साली कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि १९७५ च्या सुमारास हळद व चंदनतेल यांची 'विको टर्मेरिक' ही क्रीम बाजारात आली. येथे एक अडचण होती. हळद म्हटली की तोंड पिवळे होणार, ही प्रत्येकाची समजूत. विक्रेते दुकानात आरसा घेऊन जात, दुकानदाराला क्रीम लावायला सांगत आणि तोंड पिवळे होत नाही हे आरशात दाखवत, अशी हकीगत या कंपनीविषयी सांगितली जाते.

ही हकीगत वाचून मला माझी ओढणी आठवली. गिऱ्हाइकाला हळदीचा गुण हवा होता, हळदीचा रंग नको होता. परंपरा हवी, पण तिची खूण अंगावर दिसायला नको. परंपरेवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उद्योगाला ही कसरत करावी लागत असावी.

आणखी एक गोष्ट येथे प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ट्यूबमधील हळदीला ज्या क्रीमचा आधार आहे ती 'व्हॅनिशिंग क्रीम' मूळची पाश्चात्त्य आहे. स्टिअरिक आम्ल हा स्निग्ध पदार्थ आणि थोडा क्षार पाण्यात एकजीव करून ती बनते, आणि त्वचेवर चोळली की दिसेनाशी होते, म्हणून तिला तसे नाव पडले. तेव्हा ट्यूबमध्ये आजीची वाटी जशीच्या तशी आलेली नाही. आजीची हळद युरोपातल्या पेल्यात ओतली गेली आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. वाटीतली हळद दुसऱ्या दिवशी आंबते. ट्यूब मात्र महिनोन्‌महिने टिकते, गाडीतून नागपूरला जाते, परदेशी जाते. टिकण्याची आणि प्रवासाची सोय हेच कारखानदारीचे काम होय.

१९७५ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी एका मोठ्या परदेशी मूळ असलेल्या कंपनीने भारतात 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाचे आश्वासन देणारी क्रीम आणली. बरोबर पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, टीका वाढल्यावर तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घालण्यात आला. या विषयाकडे मी पुढे येणार आहे.

औषध की प्रसाधन?

आता या अभ्यासातील मुख्य प्रश्नाकडे वळू. कारखान्यात तयार होणाऱ्या मालावर केंद्र सरकार अबकारी कर घेत असे. सौंदर्यप्रसाधने ही चैनीची वस्तू मानून त्यांवर जबर कर, आणि औषध ही गरजेची वस्तू म्हणून त्यावर कमी कर, असे धोरण होते. साहजिकच 'विको'ची हळदीची क्रीम व दंतमंजन हे आयुर्वेदिक औषध की प्रसाधन, हा केवळ शब्दांचा वाद राहिला नाही. त्यावर कारखान्याचे जगणे अवलंबून होते.

१९७८ साली कंपनीने ठाण्याच्या न्यायालयात दावा लावला. आपली उत्पादने आयुर्वेदिक औषधे आहेत, असे तिचे म्हणणे होते. निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम केला. परंतु १९८५ साली अबकारी करासाठी नवा कायदा झाला, त्यात औषधांचे प्रकरण तिसावे व प्रसाधनांचे तेहेतिसावे अशी नवी मांडणी आली आणि तोच वाद पुन्हा उकरला गेला. अखेर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी विभागाचे अपील फेटाळले. दाव्यापासून या निकालापर्यंत सव्वीस वर्षे गेली. माझ्या वडिलांच्या पिढीने या क्रीमची जाहिरात चित्रपटगृहात आणि दूरदर्शनवर पाहिली आहे. १९८४ सालची 'ये जो है जिंदगी' ही गाजलेली मालिका याच कंपनीने प्रायोजित केली होती. त्या जाहिरातीत ही क्रीम म्हणजे कॉस्मेटिक नव्हे, असे गाऊन सांगितले जाई. जाहिरातीत जे गायले जात होते तेच कोर्टात मांडले जात होते, हे लक्षात आल्यावर मला त्या जाहिरातीचा अर्थ नव्याने कळला.

या वादात न्यायालये कोणत्या कसोट्या लावतात? एक कसोटी कायद्याची. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या एका परिशिष्टात आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांची यादी आहे. त्या ग्रंथांत घटकांचा उल्लेख आहे का, हे पाहिले जाते. दुसरी कसोटी व्यवहाराची. सामान्य माणूस ती वस्तू काय म्हणून विकत घेतो? ही दुसरी कसोटी लावून सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली 'वैद्यनाथ' कंपनीचे लाल दंतमंजन हे औषध नव्हे, असा निर्णय दिला होता. रोज सकाळी दात घासायला जे वापरतात त्याला लोक औषध म्हणत नाहीत, असा त्यातील विचार. म्हणजे एका कंपनीचे मंजन औषध ठरले आणि दुसरीचे ठरले नाही. न्यायालयाने दोन्हीकडे आपापली कारणे दिली आहेत. परंतु विद्यार्थ्याला यातून एवढे दिसते की, कायद्याच्या दोन कप्प्यांपैकी एकातही आपली ही वस्तू सुखाने बसत नाही.

ग्रंथांची कसोटी पाहण्यासाठी मी संस्कृतच्या मॅडमची मदत घेतली. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे दहा-दहाचे गण केलेले आहेत. त्यांत हळद, म्हणजे हरिद्रा, ही त्वचारोग घालवणाऱ्या 'कुष्ठघ्न' गणात आणि विष उतरवणाऱ्या 'विषघ्न' गणात येते. कांती सुधारणाऱ्या 'वर्ण्य' गणात चंदन आहे, हळद नाही. म्हणजे क्रीममधील दोन घटकांपैकी हळद औषधाच्या बाजूची आणि चंदन दोन्हीकडचे, असे चरकाच्या आधारे म्हणता येईल.

व्यवहाराची कसोटी पाहण्यासाठी मी आईला विचारले, "आई, हळद औषध आहे का तोंडाला लावायची वस्तू?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हळद हाय ती. हळदीला आनि काय म्हनायचं?" न्यायमूर्तींना सव्वीस वर्षे लागलेल्या प्रश्नाचे तिचे उत्तर एवढेच होते. ती प्रश्नाला बगल देत नव्हती. तिच्या जगात हे दोन कप्पेच नाहीत.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अशा मालावरील जुनी अबकारी संपली. पण औषधांचा गट वेगळा आणि प्रसाधनांचा वेगळा, ही विभागणी नव्या करातही राहिली.

अमेरिकेतील दाखला

हळदीवर दुसरा एक वाद अमेरिकेत झाला, आणि तो माझ्या विषयाशी जोडलेला आहे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यासाठी अमेरिकन पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरील मालकी. पण जखमेवर हळद दाबणे हा शोध आहे असे आपल्याकडे कोण म्हणेल? आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेला, मुंबईत गरिबीत शिकलेला हा मराठी शास्त्रज्ञ या लढ्यात पुढे होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

पण ते कशाच्या बळावर रद्द झाले, हे पाहण्यासारखे आहे. कोट्यवधी आया जखमेवर हळद दाबतात, एवढे सांगणे पुरेसे नव्हते. परदेशात एखादी गोष्ट लोकांना नुसती माहीत असेल किंवा वापरात असेल तर अमेरिकेचा तेव्हाचा कायदा ते ज्ञान जुने मानत नसे. ती कुठेतरी छापलेली असावी लागे. म्हणून परिषदेने बत्तीस लिखित आधार शोधून सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू मजकूर होता आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. या अनुभवातून धडा घेऊन २००१ पासून आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्यात आले.

लिहिलेले आणि न लिहिलेले

हे सारे वाचत असताना मला एक सूत्र दिसू लागले. आपल्या कोर्टात पहिला प्रश्न असतो : ग्रंथात आहे का? अमेरिकेत प्रश्न होता : छापलेले आहे का? २००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान वापरणाऱ्या उद्योगांनी लाभाचा काही वाटा स्थानिक लोकांना द्यावा, असे तत्त्व आणले. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने ही जबाबदारी देशी कंपन्यांवरही आहे असे सांगितले. त्यानंतर २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे प्रत्येक ठिकाणी लिहिलेले आणि न लिहिलेले असा भेद आहे. लिहिलेले ते ज्ञान, त्याला कायदा ओळखतो. न लिहिलेले ते घरोघरचे, त्याला मालक नाही आणि साक्षीदारही नाही.

माझ्या आईला सहीपुरते लिहिता येते. आजीला तेवढेही येत नाही. हळद शिजली की नाही हे आजी काडी टोचून आणि नुसत्या वासावरून सांगते. गावातले मोठे शेतकरी अजूनही शेवटचा शब्द तिला विचारतात. आमच्या घरातल्या या ज्ञानाचा एक ओळीचाही कागद आजपर्यंत नव्हता. यात कोणा कंपनीचा दोष नाही. 'विको'ने ग्रंथांतले ज्ञान घेतले, त्यासाठी कष्ट केले, कोर्टाची पायरी चढली. प्रश्न असा की, ग्रंथ लिहिणाऱ्यांनी ज्यांच्याकडून ऐकले असेल त्या बायका कोणत्या यादीत आहेत?

दोन आक्षेप

या लेखामुळे मी परंपरेची भाट ठरू नये, म्हणून दोन आक्षेप मीच मांडते.

पहिला आक्षेप असा की, परंपरेतले सगळेच हिताचे नसते. बाळाच्या नाळेला हळद लावण्याची पद्धत आमच्याकडे होती. डॉक्टर सांगतात की नाळ स्वच्छ व कोरडी ठेवावी, तिला काहीही लावू नये. आमच्या वहिनीने डॉक्टरांचे ऐकले आणि आजीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच बाळाला मांडीवर घेतले. ज्ञान म्हणायचे तर ते तपासूनही घेतले पाहिजे. दुकानातली पिवळीधमक पूड हळदच असते असेही नाही. मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट या घातक रंगांची भेसळ हळदीत सापडलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. गोरेपणाचा हव्यास ट्यूबमधून आला, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या ताईला पाहायला पहिले स्थळ आले ते रंगावरून परत गेले. त्यानंतर सहा महिने रोज रात्री तिच्या तोंडाला साय आणि हळद लागत होती, आणि लावणारी होती आजी. ताई सकाळी तोंड धुताना कोणाशी बोलत नसे. तिचा रंग होता तसाच राहिला. पुढे लग्न झाले, मेहुणे सज्जन आहेत, पण ताई आता हळदीच्या वासाने तोंड फिरवते. तेव्हा हव्यास वाटीतही होता, ट्यूबने त्याला फक्त किंमत लावली.

आणि हीच आजी विधवा आहे. जिच्या हातून गावाची हळद शिजते तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो सगळीकडे गाजला. आमच्या गावात अजून तसा ठराव झालेला नाही. यंदा आईने संक्रांतीला घरच्या हळदीकुंकवात आजीला बोटभर हळद लावली. दोन बायका उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

समारोप

एकंदरीत विचार करता असे दिसते की, 'विको'सारख्या उद्योगाने प्रादेशिक परंपरेतील एक वस्तू घरातून बाजारात नेली, तिला टिकाऊ रूप दिले आणि ती वस्तू काय आहे हे ठरवण्याचा हक्क सरकारी कप्प्यांकडून काही अंशी परत मिळवला. मराठी माणसाने उद्योगात चिकाटी दाखवल्याचे हे उदाहरण आहे. मात्र त्या परंपरेचा जो भाग लिहिलेला नव्हता तो अजून घरातच आहे, आणि तो सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत.

म्हणून मी एक वही घातली आहे. आजी सांगते, मी लिहिते. हळद कधी उकरायची, शिजल्याची खूण काय, आंबेहळद कशासाठी, कोणत्या दुखण्याला हळद अजिबात लावू नये. दर चार ओळींनी आजी विचारते, "काय ल्हिलंस, वाच बघू." मी वाचते. ती दुरुस्त करते. परवा तिने माझे एक पान तीनदा बदलायला लावले. आमच्या प्राध्यापकांनीही माझा निबंध इतक्या बारकाईने तपासलेला नाही.

यंदा घरात माझ्या लग्नाचा विषय एकदा निघाला होता. आजीनेच तो मिटवला. म्हणाली, "आधी वही पुरी हुंदे." वही अजून निम्मीही झालेली नाही, आणि मी ती सावकाशच लिहीत आहे.

या फेब्रुवारीतही मी वेचणीला गेले होते. नखे पिवळी आहेत. कोणी विचारले तर या वेळी मी हात झाकणार नाही. हळद कुठे लागली आणि कशी लागली, ते सांगेन.